मी न पाहिलेलं शहर

त्या शहरात मी एकूण साडेतीन वर्षं राहिले. त्यातल्या पहिल्या चौदा महिन्यांत तिथे काय काय पाहिलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं: आमचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खालचं दुकान, मुलीच्या शाळेची बस थांबते तो कोपरा, एक दवाखाना आणि एक मोठं सुपरमार्केट. माहेरी आणि सासरी मी वेगळंच सांगितलं होतं. शहराचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातली बरीच माणसं तिकडे आहेत, आणि जिच्याबद्दल मला सांगायचंय तिला कोणी ओळखावं अशी माझी इच्छा नाही.

माझं माहेर कर्जतच्या पुढे, राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गावात. लग्न होऊन खालापूरच्या बाजूला आले. नवरा रसायनीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होता. पुढे त्याला आखातात, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर नोकरी लागली, आणि दोन वर्षांनी मी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे राहायला गेले. सासरच्या घराण्यातली विमानात बसलेली मी पहिली बाई. पोचवायला टेंपो करून पंधराएक माणसं निघाली होती. जाताना मला वाटत होतं, आपण आता वेगळ्या होणार.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. आम्ही राहायचो तिथे एकसारख्या तीन इमारती होत्या. मी दूध आणायला खाली उतरले आणि परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले. लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले, दाराला किल्ली लावली. किल्ली फिरेना. मी जोर लावत राहिले, तेवढ्यात आतून एका दाढीवाल्या माणसाने दार उघडलं. त्याने काहीतरी विचारलं. ते हिंदी होतं का इंग्रजी, तेसुद्धा मला समजलं नाही. मी दुधाची बाटली तिथेच खाली ठेवली आणि जिन्याने सात मजले पळत उतरले. तो मागून हाका मारत होता, बहुधा दूध राहिलं म्हणूनच. संध्याकाळी नवऱ्याने चहा मागितला तेव्हा दूध संपलंय म्हणून सांगितलं. त्यानंतर मी एकटी फार लांब गेलेच नाही.

नवऱ्याच्या पाळ्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी तो म्हणायचा, "चल, समुद्रावर जाऊन येऊ." मी म्हणायचे, डोकं दुखतंय. पहिले दोन-चार वेळा तो थांबून राहिला, मग मुलीलाच घेऊन जायला लागला. मी गॅलरीत उभी राहून खालचा रस्ता बघायचे. सहा पदरी रस्ता, पलीकडे पिवळी मोकळी जमीन, आणि लांब कुठेतरी उंच इमारती धुळीत अर्ध्या बुडालेल्या. मला त्या रस्त्याची भीती वाटायची, लिफ्टमधल्या माणसांची वाटायची, माझ्या तोंडून गावाकडचं 'हाय-नाय' निघेल याचीही वाटायची. तिथे कोणाला त्यातलं काही कळणार नव्हतं, तरी.

गावाकडून जावेचा फोन यायचा. "काय पाह्यलंस गं आज?" असं ती दर वेळी विचारायची. पहिल्यांदा मी खोटं बोलले ते अगदी सहज. मोबाइलवर मला एक पान सापडलं होतं, या शहरात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी लिहिलेलं. बघण्यासारखं काय, लोक राहतात कसे, सगळं त्यात होतं. जुना बाजार, खजुरांचा बाजार, किल्ला, हिवाळ्यातल्या उंटांच्या शर्यती, समुद्रकाठी फिरायचा लांब रस्ता, वाळूच्या टेकड्या. मी ते पान वाचून वाचून पाठ केलं. मग दर आठवड्याला त्यातलं एक ठिकाण मी "बघून यायचे". सुपरमार्केटमध्ये एका भिंतीवर किल्ल्याचं मोठं चित्र होतं, त्याच्यापुढे उभी राहून मुलीकडून फोटो काढून घेतला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. एक चुलत सासरे नुसते "छान" एवढं लिहायचे. त्यांचं ते "छान" बघून मला आपण खरंच जाऊन आल्यासारखं वाटायचं.

चौदा महिन्यांनी मुलीच्या शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही गावी आलो. श्रावण होता, लावण्या आटपल्या होत्या, त्यामुळे माणसं जरा मोकळी होती. रोज कोणी ना कोणी भेटायला यायचं. अशाच एका दुपारी मोहोपाड्याहून एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली. तिचा मुलगा माझ्या नवऱ्याच्याच ओळखीने त्या प्लांटवर लागला होता. लग्नाला आठ महिने झाले होते आणि आता सून तिकडे जाणार होती. आमच्याच इमारतीत त्यांना घर मिळालं होतं.

सून भिवपुरीची. वडील तिथल्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला, क्वार्टर्समध्ये वाढलेली, बीएस्सी झालेली. माझं माहेर ऐकल्यावर ती हसून म्हणाली, "म्हणजे आमच्या पॉवर हाऊसमधून सुटलेलं राजनाल्याचं पाणी तुमच्या भाताला." मला ती तिथेच आवडली. आणि तिच्या हातातली वही बघून थोडी भीतीही वाटली. त्या वहीत तिने प्रश्न लिहून आणले होते.

बाईने एकटीने फिरलं तर चालतं का. डोकं झाकावं लागतं का. उन्हाळ्यात लोक बाहेर कधी पडतात. वाल, कोकम मिळतं का. वाचनालय आहे का. मी ओसरीवर बसून एकेका प्रश्नाला उत्तर देत गेले. आजूबाजूला सासू, जाऊ, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मी सांगितलं की बाया खुशाल एकट्या फिरतात, जुन्या बाजारात पहिला भाव ऐकून नुसतं हसायचं, शुक्रवारी सकाळी शहर झोपलेलं असतं आणि संध्याकाळी सगळं समुद्रावर येतं. तिने विचारलं, "आणि वाळूच्या टेकड्या? तिथे जाता येतं?"

"येतं की. ऊन उतरल्यावर जायचं. दिवसभर तापलेली असते, पण संध्याकाळी पायाखाली वाळू गार लागते."

हे त्या पानावर नव्हतं, माझ्या मनाचं होतं. तिने तेही वहीत लिहून घेतलं.

तिची सासू निघताना माझा हात धरून म्हणाली, "पोर कदी एकटी रायली नाय. तुमी तिकडं हाय म्हून पाठवतो आमी. तुमीच बघा तिच्याकडं."

"काळजी करू नका," मी म्हणाले. "मी तिला सगळं शहर दाखवीन."

ती ऑक्टोबरात आली. घर लावण्यात दोन आठवडे गेले, मग एका सकाळी दारात उभी. "वहिनी, कधी जायचं? खजुरांच्या बाजारापासून सुरू करू या का?" मी त्या आठवड्यात उपास असल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलीला ताप होता, तो खरा होता, आणि मला त्याचं बरंच वाटलं हे कबूल करते. अखेर एका मंगळवारी काही कारण उरलं नाही.

आम्ही खाली बस स्टॉपवर गेलो. बस आली तशी मी पुढे होऊन चढले आणि ड्रायव्हरला नोटा देऊ लागले. त्याने मान हलवून एका यंत्राकडे बोट दाखवलं. कार्ड लागतं, हे मला माहीतच नव्हतं. तिच्याकडे होतं. तिच्या नवऱ्याने काढून दिलेलं, एकाऐवजी दोन. तिने काही न बोलता दोन्ही कार्डं यंत्राला लावली. मग मी मागे जाऊन बसले, तर तिथे सगळे पुरुष. एका म्हाताऱ्याने हळूच सांगितलं की बायकांच्या जागा पुढे आहेत. मी उठून पुढे आले. ती खिडकीतून बाहेर बघत होती, किंवा तसं दाखवत होती.

जुन्या बाजारात उतरल्यावर मी चालायला लागले, वाट पायाखालची असल्यासारखी. दोन्ही बाजूंनी कापडाची, भांड्यांची, अत्तराची दुकानं. वर लाकडी छप्पर, त्यातून उन्हाच्या पट्ट्या. बाजार खरंच सुंदर होता. मी तो पहिल्यांदाच बघत होते आणि मला तसं दाखवता येत नव्हतं. "खजुरांचा बाजार पुढे आहे," मी म्हणत राहिले. एका अत्तराच्या दुकानापुढे हिरवं झुंबर टांगलेलं होतं. आम्ही त्या झुंबराखालून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो दुकानदार आमच्याकडे बघून हसला. तिने पुढे होऊन त्याला हिंदीत विचारलं आणि त्याने हाताने डावीकडे दाखवलं.

"बऱ्याच दिवसांनी आलात ना तुम्ही," ती मला म्हणाली. "बदललं असेल सगळं."

तिने मला वाट काढून दिली होती. मी ती घेतली. "हो ना," म्हटलं, "पूर्वी असं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, मलाही भीती वाटते हो इथे. रात्री झोप लागत नाही. आपण दोघींनी मिळून बघू या का? आठवड्याला एक जागा."

त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. ती बोलवतच होती. पण मला तिच्या त्या 'ही'चा राग आला. मलाही, म्हणजे माझी भीती तिला दिसली होती. मी म्हणाले, "मला आता काय बघायचंय? मी सगळं बघून बसलेय. तू जा खुशाल."

त्यानंतर ती मला विचारायला आली नाही.

ती एकटी जाऊ लागली. महिन्याभरात तिला बसचे नंबर पाठ झाले. समुद्रकाठच्या रस्त्यावर सकाळी चालणाऱ्या बायकांचा एक गट होता, त्यात ती जायला लागली. जुन्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात पडद्याचं कापड घ्यायला गेली, तर आत बसलेली बाई फोनवर आपल्याकडच्याच बोलीत बोलत होती, "मी नाय येत, तुमी या." ती बाई खोपोलीजवळच्या गावची मुसलमान बाई निघाली. पंचवीस वर्षं तिथे राहिलेली, नवऱ्याचं शिवणाचं दुकान. ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागली आणि रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायला लागली. हे सगळं ती मला लिफ्टमध्ये भेटली की सांगायची, अगदी आनंदाने. मी "अरे वा" म्हणायचे आणि माझ्या मजल्यावर उतरायचे. घरात आल्यावर काही सुचायचं नाही. जे मी चौदा महिने थापा मारून मिळवलं होतं, ते ती दीड महिन्यात पायांनी चालून खरं करत होती.

डिसेंबरात एका शुक्रवारी तिचा फोटो आला. वाळूच्या टेकडीवर ती बसली होती, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, ओढणी वाऱ्यावर. शेजारी खाला मांडीवर डबा उघडून बसलेली. मागे टॅक्सी, आणि टॅक्सीला टेकून उभा असलेला खालाचा भाचा, त्यानेच दोघींना नेलं होतं. तिचा नवरा त्या दिवशी पाळीवर होता, पण त्याला विचारून गेली होती, असं तिने लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ: "वहिनी, वाळू खरंच गार होती."

ती ओळ मी कितीदा वाचली सांगता येत नाही. तिने ती चांगल्या मनाने लिहिली होती, याबद्दल मला आज शंका नाही. त्या दिवशी मला वाटलं, ही मला चिडवतेय.

दोन दिवसांनी मोहोपाड्याहून तिच्या सासूचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी भात टाकला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "सून येते का वो तुमच्याकडं? दुपारचा फोन उचलत नाय ती."

"माझ्याकडे कुठली येते," मी म्हणाले. "दुपारची ती घरात नसतेच."

"मंग कुटं जाते?"

"ते मी कसं सांगू. तुम्ही विचारताय म्हणून सांगते. परवा वाळवंटात गेली होती टॅक्सीने. नवरा पाळीवर होता."

पलीकडे तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "कोणासंग?"

"फोटोत टॅक्सीवाला दिसतोय."

"कंचा? आपल्यातला हाय?"

"नाही," मी म्हणाले.

माझा एकही शब्द खोटा नव्हता. टॅक्सीवाला फोटोत होताच. फक्त खालाचं नाव मी घेतलं नाही. तिचा डबा, तिची पांढरी ओढणी, पोरीच्या गुडघ्यावर ठेवलेला तिचा हात, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही. मी ते बोलले नाही, कारण बोलले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. सासूने मुलाला फोन केला, मग मुलाच्या मामाने केला. तो मुलगा वाईट नव्हता, पण नोकरीत नवा, वयाने लहान, आणि आई फोनवर रडत होती. "थोडे दिवस गावी जाऊन ये, आईचं मन शांत होईल," असं त्याने बायकोला सांगितलं. माझ्या नवऱ्याने हे जेवताना मला सांगितलं. "त्याच्या आईला कोणीतरी काहीतरी सांगितलंय म्हणे. इथल्याच कोणीतरी. कोण असेल?"

मी त्याला भात वाढला. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने खाली बघून जेवायला सुरुवात केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. दारातच उभी राहिली, मी आत बोलावलं तरी बसली नाही. "वहिनी, आईंना कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. मी समजावून दमले. तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी? त्या तुमचं ऐकतात. तुम्हाला तर माहितीये मी कुठे जात होते. मी सगळं तुम्हाला सांगत होते."

"बोलते," मी म्हणाले.

"आज बोलाल? उद्याचं तिकीट आहे."

"आजच बोलते."

मी फोन केला नाही. संध्याकाळी दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोन केला असता तर मीच सांगितलेलं मलाच खोडावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून मी तिला टॅक्सीत बसताना बघितलं. तिने वर बघितलं नाही. बॅगा टॅक्सीत ठेवायला खालाचा भाचा नव्हता, दुसराच कोणीतरी ड्रायव्हर होता.

खाला मला दोन महिन्यांनी भेटली, सुपरमार्केटमध्ये. माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलत होती ते ऐकून ती जवळ आली. "तुमी तिच्या वहिनी ना? फोटूत पाह्यलंय तुमाला." मग ट्रॉली बाजूला घेऊन ती खूप वेळ बोलली. पोरगी दुपारी येऊन बसायची, शिवण शिकायची, सासूसाठी दोन ब्लाउज शिवत होती, एकाचे हात लावायचे राहिलेत, तेवढं तसंच दुकानात आहे. "तुमचं लय कवतिक करायची," खाला म्हणाली. "आमच्या वहिनींना अक्खं शहर पाठ हाय म्हनायची." मी तिला खरं सांगू शकले नाही. तिने मला दुकानात यायला सांगितलं. मी जाईन म्हटलं आणि पुढे चार महिने त्या बाजूला फिरकले नाही.

नंतर मात्र गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. एका सकाळी स्वतःचं कार्ड काढून आणलं, बसच्या पुढच्या बाकावर बसले, आणि जुन्या बाजारात चुकत चुकत ते दुकान शोधलं. ते अर्धवट ब्लाउज मी मागून घेतलं. खालाला खरं सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण पुरी करून दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं वो तुमचं?" तिने मला चहा दिला, पण पुन्हा ये म्हणाली नाही.

पुढचं दीड वर्ष मी शहर बघितलं. किल्ला बघितला, शर्यतीतले उंट बघितले. वाळूच्या टेकड्यांवर नवरा आणि मुलगी दोनदा गेले, मी गेले नाही.

नवऱ्याचा करार संपला आणि आम्ही परत आलो. आल्यावर महिनाभराने मी मोहोपाड्याला गेले. आधी फोन केला नव्हता. ती तिथेच होती. रसायनीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली होती, पहिली पाळी करून नुकतीच घरी आली होती. नवरा वर्षातून एकदा येत होता, आणि तिला परत न्यायचं बोलणं दर वेळी कशावरून तरी मागे पडत होतं. सासू बाहेरच्या खोलीत वाल सोलत बसली होती. मी ब्लाउजची पिशवी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात, ओट्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं. चौदा महिने घरात बसले तेही, फोनवर काय बोलले तेही, त्या संध्याकाळी फोन केला नाही तेही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे आता का सांगताय?"

"मन खातंय म्हणून."

"म्हणजे तुमच्यासाठी."

मी मान खाली घातली.

"आईंनी मला दोन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही," ती म्हणाली. "आणि मीही सांगितलेलं नाही. एका घरात राहतो, एका ताटलीत वाल सोलतो, पण तेवढं सोडून बोलतो. आता त्यांना तुम्ही सांगा. माझ्यासमोर सांगा."

बाहेरच्या खोलीत जाऊन मी तिच्या सासूसमोर खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिच्या हातातले वाल तसेच राहिले.

"त्या फोटूत बाय होती?" तिने विचारलं.

"होती."

"आन तुमी तिला पाह्यली होती?"

"पाहिली होती."

तिने वालाची ताटली बाजूला सारली. मग तोंड फिरवून सुनेला म्हणाली, "मी तुला इचाराया पायजे होतं."

"हो," सून म्हणाली.

दोघी एवढंच बोलल्या. त्यांना आता माझी गरज नव्हती. मी उठले. जाते म्हटलं, कोणी थांब म्हणालं नाही, कोणी दारापर्यंत आलं नाही. बाहेर पाळी सुटलेल्या माणसांची गर्दी होती, त्यातून रिक्षापर्यंत चालत गेले.

त्याच दिवशी नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "माझंही चुकलंच." मला त्याचं ते वाक्य सहन झालं नाही. त्याच्यावर यातलं काही पडावं असं नव्हतं.

गेल्या वर्षी खोपोलीत एका लग्नात तिची सासू भेटली. मी टाळून दुसऱ्या रांगेत बसायला निघाले होते, पण तिनेच बोलावलं. "सून गेली तिकडं," म्हणाली. "चार मैनं झालं. पाणी तपासायच्या लॅबात कामाला लागलीय." मी विचारलं, बरी आहे ना. "बरी हाय," ती म्हणाली. मग माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं म्हणाली, "तुमच्याबद्दल काय बोलत नाय ती." आणि वाढप्याला हाक मारून तिने माझ्या ताटात जिलबी वाढायला लावली.

आमच्याकडे अजून माणसं विचारायला येतात. कोणाची बायको चाललेली असते, कोणाची मुलगी. मी जे स्वतः बघितलं तेवढंच सांगते, आणि पहिलं वर्ष मी घाबरून घरात बसून होते तेही सांगते. ऐकणाऱ्यांना ते नम्रपणाचं बोलणं वाटतं. जाऊ तर हसते आणि म्हणते, हिने अख्खं शहर पालथं घातलंय. तिला मी फोनवरच्या थापांचं खरं अजून सांगितलेलं नाही.

मोहोपाड्याच्या त्या सुनेचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिने मला काढून टाकलेलं नाही, बहुधा तिच्या लक्षातच नसेल. आठवड्यातून एक-दोनदा ती स्टेटस ठेवते. सकाळचा समुद्र, लॅबमधल्या मैत्रिणी, एकदा ताटात खजूर आणि शेजारी कोकमाचं सरबत. मी ते दर वेळी उघडून बघते. काही लिहीत नाही. मी बघितलं हे तिला तिच्या फोनवर दिसत असणार, हेही मला माहीत आहे.